उटीचा दगड

वळण आलं की मी खाली.
हे माझं काम. अकरा वर्षं.
मांजरसुंब्याहून वर तांड्याकडं जाणाऱ्या वाटेला
अशी पाच वळणं,
आणि आमच्या मिल्ट्री डिस्पोजलच्या गाडीवर
विजेचे खांब,
टपाच्या पुढं हातभर, फाळक्याच्या मागं तीन हात.
एका दमात ती कधी वळलीच नाही.
पुढं, मागं, पुढं,
मी मागच्या चाकाशी दगड घेऊन वाकलेला,
आन दे, आन दे, आन दे,
बस्स.

मागच्या चाकाला माझ्याएवढं कुणी ओळखत नाही.
पुढचं जाईल तिकडं फरफटत जायचं,
जरा आतून, खडी खात, कडेची घाणेरी तुडवत.
चूक झाली की शिव्या दोघांनाच,
त्याला आणि मला.

महारुद्र नागरगोजे, मालकबी तोच, डायवरबी तोच.
चौथ्या वळणावर खांब कड्याला घासला
त्या रात्री जेवला नाही.
म्हणाला, मागची चाकंबी वळली पाहिजेत.
मी हसलो.
तो जालन्याच्या भंगारात गेला
आणि तसल्याच एका मेलेल्या गाडीचा
पुढचा आक्सल घेऊन आला,
आमच्या मागं लावायला.

वाहेद मिस्त्रीनं आक्सलभोवती दोन फेऱ्या मारल्या.
"हो जाता. लेकिन आसान नक्को समझो."
तोंड फिरवलं की झुकाव फिरतो,
पुढं असताना जी चाकं आपसूक सरळ व्हायची
ती मागं जाऊन पिसाळणार.
म्हणून दोन्ही टोकं कापली.
मिस्त्रीची शमीम, दहावीतली,
ग्रीसनं माखलेल्या लोखंडाला
कंपासपेटीतला कोनमापक लावून बसली.
"अब्बा, दो डिग्री जादा हुआ."
मिस्त्रीनं वेल्डिंग पुन्हा तोडलं.
शिवी दिली, पण कोनमापकाला.

सिलिंडर जेसीबीचा, पंप ट्रॅक्टरचा,
नळ्या तेवढ्या नव्या, बीडहून.
गिअरशेजारी एक दांडी.
डावीकडं ढकल, उजवीकडं ढकल,
डांबर लागलं की मधोमध आणून पिन मारायची,
मग मागची चाकं पूर्वीसारखी गरीब.

पहिलीच चूक गॅरेजात.
डाव्या अंगाला टायरवाल्याची टपरी,
गाडी उजवीकडं निघाली
आणि शेपूट डावीकडं फुटलं.
टपरीचा पत्रा फाळक्याला लटकून आला.
चहा पिणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या,
महारुद्रनं आठशे मोजले.

मग घाट. पहिलं वळण.
सवयीनं उडी मारली, दगड उचलला,
बघतो तर
पुढची चाकं डोंगराकडं, मागची दरीकडं,
म्हैस डबक्यात कूस बदलते
तशी सावकाश वळत
खांबांच्या टोकानं हवेत एक गोल रेघ मारून
निघूनच गेली.
आन दे म्हणायला उघडलेलं तोंड
तसंच राहिलं.

धूळ बसल्यावर पाहिलं,
मातीत चार चाकांच्या दोनच वाटा.
मागचं पुढच्याच्या पावलावर
पाऊल ठेवून गेलेलं.
घाणेरी उभी होती, फुलांसकट.

दगड हातात, चालत वर गेलो.
मी गाडीत नाही हे महारुद्रला
तिसऱ्या वळणावर कळलं.
"कुठं मेलता, आसऱ्या?"
चाक बघत होतो, म्हणलं.
तो काही बोलला नाही.
दार उघडून धरलं तेवढं.

आता पिन माझ्याकडं असते.
घाटात खिशात, डांबरावर तिच्या भोकात.
एकदा विसरलो तर पाटोद्याच्या रस्त्यावर
गाडी वरातीतल्या घोडीसारखी नाचली,
समोरचा टेम्पो शेतात उतरला.
तेव्हापासून शर्टाच्या खिशाला
ग्रीसचा एक लांबट डाग आहे,
बायको घासते, जात नाही.

दगड टूलबॉक्सात.
महारुद्र म्हणतो, फेक, उगं वजन.
मी हो म्हणतो.
तिसऱ्या जोडापाशी नळी थोडी पाझरते,
रोज सकाळी बोट लावून बघतो,
बोट पँटीला पुसतो,
आणि खोक्याचं झाकण लावतो.